गाळ्यातील गुंतवणूक

पणजी, मडगाव वा म्हापशाच्या बाजारपेठेत एखादा गाळा घेऊन तो भाड्याने द्यावा, असे निवृत्तीची पुंजी गाठीशी असलेल्या मध्यमवर्गीय गोमंतकीयास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि भाडे म्हणजे नफा नव्हे. समजा, ४० लाखांच्या गाळ्यास दरमहा २० हजार भाडे आले, तर उत्पन्न शेकडा ६ दिसते. परंतु वर्षात तीन महिने गाळा रिकामा राहिला आणि कर व देखभालीपोटी ३० हजार खर्ची पडले, की तेच शेकडा पावणेचारवर येते. मग कर्ज काढून गाळा घेणाऱ्याने व्याज कोठून भागवावयाचे?

दुसरा प्रश्न हक्काचा. पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा असलेल्या गोव्यात विवाहित मालकास जोडीदाराच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही. वारसांची वाटणी अपुरी असेल, तर सौदा कोर्टात अडकतो. जुन्या गाळ्यातील भाडेकरूस १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असू शकते. तेव्हा ‘ताबा मिळवून देऊ’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. नव्या इमारतीचा भोगवटा दाखला आणि २०१६ च्या रेरा कायद्याखालील नोंदणी वकिलाकरवी तपासावी.

ज्यांची पुंजी तुटपुंजी, त्यांना २०१९ पासून शेअरबाजारात ‘रीट’चे युनिट घेऊन मोठ्या कार्यालयीन इमारतींच्या भाड्यात वाटेकरी होता येते, मात्र तेथेही भाव चढतो तसा उतरतो.

सारी पुंजी एकाच गाळ्यात कोंडणे हे शहाणपण नव्हे. आजारपण दारात उभे राहिल्यास भिंतीची वीट मोडून पैसा हाती येत नाही!