जात्यावरच्या ओव्यांतील माहेरची ओढ
माहेरची ओढ हा जात्यावरच्या ओव्यांचा एक प्रमुख विषय आहे. पहाटे दळण दळताना स्त्रिया मौखिक परंपरेने आलेल्या या ओव्या गात. सासुरवाशीण त्यांतून मुऱ्हाळी म्हणून येणाऱ्या भावाची वाट पाहते आणि आईपाशी मन मोकळे करते.

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरमधील दलित स्त्रियांच्या ओव्यांत हीच ओढ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वळते. तेथे ते जिवलग आप्त ठरतात आणि वैयक्तिक जिव्हाळ्याला समतेच्या स्वप्नाची जोड मिळते. या ओव्या १९९६ मध्ये बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रित केल्या. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांच्या संकलन प्रकल्पात अशा १ लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पिठाच्या गिरण्या आल्यानंतर जात्याबरोबरच ओवी गाण्याची प्रथाही मागे पडली.