लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : आधी तयारी मनाची, मग शरीराची

कार्ल्याला एकवीरा आईच्या पायऱ्या चढताना निम्म्या वाटेतच धाप लागते, गुडघे कुरकुरतात. मग कोणीतरी सल्ला देते, "पुण्याला जाऊन एकदाचे ऑपरेशन करून टाका." लोणावळ्याहून पुणे आणि मुंबई दोन्ही जवळ. नितीन गडकरी यांनी २०११ साली अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याचेही पुष्कळांना ठाऊक आहे. मात्र टेबलावर झोपण्याआधी रुग्णाने काय करावे, हे फारसे कोणी सांगत नाही. यश बरेचसे त्यावरच अवलंबून असते.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्यास बीएमआय म्हणतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली सुचविल्याप्रमाणे हा आकडा ३७.५ च्या वर, किंवा मधुमेह, रक्तदाब असे विकार असल्यास ३२.५ च्या वर असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी हे वजन अनुक्रमे ९६ व ८३ किलो होते. २०२२ साली जागतिक संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली. पण केवळ आकड्यावर निर्णय होत नाही. आहार, व्यायाम व औषधे यांचा मनापासून प्रयत्न झालेला असावा.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. तो परत बसविता येत नाही. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात.

मनाची तयारी

पोट लहान होते, पण चहाबरोबर वडापाव खाण्याची सवय तशीच राहते. म्हणून दोन-तीन आठवडे एक वही ठेवावी. काय खाल्ले, किती वाजता आणि कोणत्या मनःस्थितीत, एवढेच लिहावे. भुकेपेक्षा राग, कंटाळा किंवा एकटेपणा यांमुळेच आपण अधिक खातो, हे पुष्कळांना तेव्हा कळते. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले तर वेड लागल्याचा ठपका समजू नये. नैराश्य, चोरून भरमसाट खाणे किंवा दारूचे व्यसन असल्यास त्यावर आधी उपचार हवेत. या शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर चढते व व्यसन बळावण्याचा धोका असतो.

घरच्यांचीही तयारी करावी. "एवढेसेच खाल्लेस?" म्हणून आग्रह करणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. वाटीभर जेवण, तेही चावून चावून वीस-तीस मिनिटांत, आणि जेवताना पाणी नाही, हा नियम त्यांना आधीच समजावून सांगावा. इंद्रायणी तांदळाचा ढीगभर भात आणि येता-जाता तोंडात टाकायची चिक्की यांना सवयीचे स्थान उरणार नाही.

शरीराची तयारी

विडी-सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद करावी. तंबाखू आणि मिश्रीही सोडावी. जखम भरण्यास व फुप्फुसांना त्यांचा त्रास होतो. झेपेल तेवढे रोज सपाटीवर चालावे. रुग्णालयात तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र देतात, त्याचा सराव घरी करावा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात स्थापलेले कैवल्यधाम आपल्या उशाशीच आहे. तेथील जाणकारांकडून दीर्घश्वसन शिकण्यास हरकत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र कपालभाती, भस्त्रिका डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ व ड जीवनसत्त्व, हृदय यांची तपासणी होते. झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडखळत असेल तर तेही सांगावे, कारण भूल देणाऱ्या डॉक्टरांस त्याची माहिती अत्यावश्यक असते. वजनाची नवी इंजेक्शने चालू असल्यास लपवू नये. त्यांच्यामुळे जठर उशिरा रिकामे होते.

शेवटचे सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. त्याने यकृत आकसते आणि दुर्बिणीने काम करण्यास जागा मिळते. या काळात मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन तेवढेच ठेवले तर साखर एकदम उतरू शकते. डोस डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावा.

इजिप्तच्या इमान अहमद यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईस आणले. शस्त्रक्रिया ७ मार्चला झाली. मधले तीन आठवड्यांहून अधिक दिवस द्रव आहार व तयारीत गेले. वजन पुष्कळ उतरले, तरीही त्याच सप्टेंबरमध्ये अबूधाबीत त्यांचे निधन झाले. त्यांचे दुखणे असामान्य होते. परंतु शस्त्रक्रिया म्हणजे सर्व विकारांवरचा जादूचा मंत्र नव्हे, एवढा बोध प्रत्येकाने घ्यावा.

निर्णयापूर्वी विचारा

माझ्यासाठी कोणती शस्त्रक्रिया आणि का? धोके कोणते? आहारतज्ज्ञ किती वर्षे पाहतील? एकूण खर्च किती? विमा असल्यास लेखी खुलासा घ्यावा, कारण विम्याचे वजनाचे निकष अधिक कडक असतात. स्त्रियांनी पुढील बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि तपासणीसाठी वारंवार जावे लागते. हे ज्याला मनापासून मान्य असेल, त्यानेच तारीख ठरवावी. ज्याला अजून मान्य नसेल, त्याने तीन महिने थांबून वही लिहावी व चालणे सुरू करावे. ते श्रम कोणत्याही परिस्थितीत वाया जात नाहीत.