परदेशात मुलांकडे फराळ नेताय? पाकीट सीलबंद असले म्हणजे झाले, असे नाही!

दिवाळी जवळ आली की परदेशी मुला-नातवंडांकडे निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगेत कपड्यांपेक्षा खाऊच जास्त असतो. दुकानातून व्हॅक्यूम पॅक करून घेतले की कस्टम्सला कोणी अडवत नाही, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात पाकिटात काय आहे आणि ते तुम्ही जाहीर केले का, हे पाहिले जाते. पाकिटावरचा एफएसएसएआय क्रमांक हा भारतातला परवाना आहे. तो दुसऱ्या देशात प्रवेश मिळवून देत नाही.

अडवतात कशासाठी?
रोग आणि किडी रोखण्यासाठी. जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू मांस आणि दुधाच्या पदार्थांतून पसरू शकतो. साठवलेल्या धान्यातल्या खापरा भुंग्याची अळी अन्नाशिवायही दीर्घकाळ तग धरते. तिच्या भीतीमुळेच अमेरिकेला जाताना आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ सोबत न नेलेला बरा.

कुठे काय चालत नाही?
• ब्रिटन : भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फीसारखी दुधाची मिठाईही त्यात आली.
• अमेरिका : ताजा कढीपत्ता नको. लिंबूवर्गीय झाडांचा रोग त्यातून पसरू शकतो. आंब्यासारखी ताजी फळेही बॅगेत ठेवू नका.
• यूएई, सिंगापूर : खसखस अमली पदार्थांच्या नियमांत येते. अनारशांवर ती असतेच, करंजीच्या सारणातही घालतात. या देशांत नेताना खसखशीशिवायच बनवून घ्या.

जाहीर केले नाही तर?
अमेरिकेत खाद्यपदार्थ लपवल्यास 10 हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात दंड तर होतोच, शिवाय 2019 पासून गंभीर प्रकरणात विमानतळावरच व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणजे चिवड्यासाठी नातवंडांची भेटच हुकायची. याउलट, सगळे खरे सांगितले आणि एखादा पदार्थ नियमात बसला नाही, तर सहसा तेवढा पदार्थ काढून घेतात. न सांगितल्याचा दंड लागत नाही.

बॅग भरताना हे करा
• सगळे खाद्यपदार्थ एकाच बॅगेत वर ठेवा, म्हणजे तपासणीत शोधाशोध होत नाही.
• पाकिटे मूळ वेष्टनातच राहू द्या. घरच्या डब्यांवर पदार्थाचे नाव आणि घटक इंग्रजीत लिहून चिकटवा.
• लोणचे, तूप नियमात बसत असेल तरच घ्या आणि चेक-इन बॅगेत ठेवा. केबिनमध्ये 100 मिलिलिटरची मर्यादा आड येते.
• ऑस्ट्रेलियाच्या प्रवासी कार्डावर खाद्यपदार्थांबाबतच्या प्रश्नाला ‘हो’ लिहा. इंग्रजीची अडचण असेल, तर सामानाची यादी मुलांकडून आधीच लिहून घ्या आणि अधिकाऱ्याला दाखवा.
• नियम बदलत असतात. तिकीट काढल्यावर त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकेक पदार्थ तपासा आणि मगच फराळाची ऑर्डर द्या.