जांभ्याचे पाय, काळ्या पाषाणाची बैठक

कोकणातल्या चिरेखाणीतून नुकताच निघालेला जांभा ओलसर, मऊ असतो. चिरा तासायचा तो तेव्हाच. हवा लागली, की त्यातली लोहाची संयुगं वाळून घट्ट होतात आणि दगड टणक बनतो. अंगणातल्या बाकाचे पाय खुशाल जांभ्याचे करावेत. दाब तो उत्तम पेलतो. बैठक मात्र नको! वाकवणारा ताण या सच्छिद्र दगडाला सोसत नाही, लांब फळी मधोमध तडकते. शिवाय पावसाळ्यात शेवाळ धरतं. बैठकीला सह्याद्रीचा काळा पाषाणच हवा. दीड मीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद, ८ सेंटिमीटर जाड फळीचं वजन १५० किलोंच्या वर भरतं, म्हणून पाया चांगला धुमसून घ्यावा. आणि हा दगड उन्हात भलताच तापतो. बाक आंब्याच्या सावलीतच मांडा.