विद्याधर भारी की माणूस?

अद्भुतकथांचा नाद लागलेल्यांमध्ये एक भांडण कधी मिटत नाही: एल्फ जास्त ताकदवान की माणूस? एल्फ म्हणजे ते देखणे, शेकडो वर्षं जगणारे, रानावनात राहणारे लोक. टॉल्किननं 'सिल्मरिलियन'मध्ये या प्रश्नाला सरळ उत्तर दिलंय. आरंभीच्या काळात दोघांची उंची सारखी, अंगबळही सारखं. एल्फ पुढे होते ते शहाणपणात, कसबात आणि रूपात. तरी भांडण चालूच. कारण त्याच टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, म्हणजे मुग्धा कर्णिकांच्या मराठीतल्या 'स्वामी मुद्रिकांचा'मध्ये, कॅराड्रास डोंगराच्या वाटेवर बर्फ साचतं तेव्हा बोरोमिर आणि अ‍ॅरागॉर्न हे दोन दांडगे पुरुष अंगाच्या धक्क्यानं वाट फोडतात, आणि लेगोलस हा एल्फ त्याच बर्फावरून पाऊल रुतू न देता पळत सुटतो. आता यात बळकट कोण म्हणायचं? 1978 च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमपुस्तकानं तर हिशेबच मांडला: एल्फला चपळाईचा एक गुण जास्त, काटकपणाचा एक कमी.

नामपूरच्या माणसाला हे भांडण परकं वाटायचं कारण नाही. मोसम नदीच्या कडेनं वर ताहराबादकडे निघालं की पुढे मांगी-तुंगीचे जोडसुळके येतात. दिगंबर जैनांचं हे सिद्धक्षेत्र. इथून राम, हनुमान, सुग्रीव, गवय, गवाक्ष, नील, महानील आणि त्यांच्यासोबत 99 कोटी मुनी मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. या यादीत हनुमान आणि सुग्रीव आहेत म्हटल्यावर वानरही मोक्षाला गेले की काय, असं वाटेल. पण जैन रामकथेत ते वानर नाहीतच. ते विद्याधर आहेत. त्यांच्या ध्वजावर वानराचं चिन्ह, म्हणून वंशाचं नाव वानर. रावणही विद्याधरच, राक्षस नावाच्या वंशातला. ही कथा विमलसूरीनं 'पउमचरिय'मध्ये सांगितली ती महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या थोरल्या घरात; पुढे सातव्या शतकात रविषेणानं ती संस्कृत 'पद्मपुराणा'त आणली.

विद्याधर दिसायला माणसासारखे, जन्मानंही माणूसच. फरक विद्यांचा. जैनांचे पहिले तीर्थंकर ऋषभदेव ध्यानात उभे असताना नमी आणि विनमी हे दोघे त्यांच्याकडे राज्य मागत बसले. भगवान काही बोलेनात. शेवटी नागराज धरणेंद्रानं त्यांना विद्या दिल्या आणि विजयार्ध पर्वतावर वसवलं. तेव्हापासून ते आकाशातून हिंडतात, रूपं पालटतात, विमानं चालवतात. आणि जमिनीवरून चालणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांना 'भूमिगोचरी' म्हणून नाकं मुरडतात.

या तोऱ्यातूनच सीतेचं स्वयंवर घडतं, आणि इथे जैन कथा आपल्या ओळखीच्या रामायणापासून पार वेगळी वाट धरते. सीतेचा भाऊ भामंडल जन्मताच पळवला गेलेला, विद्याधर राजा चंद्रगतीच्या घरी वाढलेला. सीता आपली बहीण आहे हे त्याला ठाऊक नाही. तिचं चित्र पाहून तो वेडावतो. मग मुलाच्या हट्टापायी चंद्रगती जनकाला आपल्या नगरीत उचलून आणवतो आणि मागणी घालतो: त्या भूमिगोचरी रामात काय ठेवलंय, मुलगी आमच्याकडे द्या. जनक परक्यांच्या दरबारात एकटा. पण तो म्हणतो, आकाशातून जाण्याचं एवढं काय कौतुक, ते तर कावळ्यालाही जमतं. तीर्थंकर आणि चक्रवर्ती मात्र जन्मतात ते आम्हा जमिनीवरच्यांत. साऱ्या पुराणात मला याच्याइतकं झणझणीत उत्तर सापडलेलं नाही.

विद्याधर पैज लावतात. वज्रावर्त आणि सागरावर्त ही दोन धनुष्यं मिथिलेत ठेवली जातात. रामानं वज्रावर्त चढवलं तर सीता त्याची, नाहीतर भामंडलाची. म्हणजे हे स्वयंवर मुळात दोन जातींमधला बळाचा सामनाच आहे. राम वज्रावर्त चढवतो, लक्ष्मण सागरावर्त, आणि विद्याधर खाली मान घालून परत जातात.

विद्याधर अंगानं दुबळे होते असं मात्र नाही. तान्हा हनुमान विमानातून खाली पडला तेव्हा त्याला खरचटलंही नाही. फुटला तो खालचा खडक. तरीही ही कथा विद्या आणि बळ यांची गल्लत करत नाही. विद्या साधून मिळते. अचाट बळ मात्र ठरलेल्या थोड्यांच्याच वाट्याला येतं, पूर्वपुण्याईनं. त्याची उतरंडही आहे. श्वेतांबरांच्या 'आवश्यक-निर्युक्ती'त एक दृश्य आहे: विहिरीच्या काठावर वासुदेव, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या नऊ वीरांपैकी एक, बसलाय, त्याला साखळी बांधलीय, आणि 16,000 राजे सैन्यासह ती ओढतायत. तो डाव्या हातानं साखळी धरून निवांत जेवतोय. चक्रवर्तीचं बळ याच्या दुप्पट, म्हणजे तिथे राजे 32,000. तीर्थंकराच्या बळाला मापच नाही. या मांडणीत लक्ष्मण वासुदेव, राम बलदेव, म्हणजे वासुदेवाचा थोरला भाऊ, आणि रावण प्रतिवासुदेव, म्हणजे वासुदेवाचा ठरलेला वैरी. बलदेवाचं बळ वासुदेवाच्या निम्मं धरतात, आणि रावणाला मारतो तोही लक्ष्मणच.

त्याआधी त्याची परीक्षा होते. रावणाशी वैर घ्यायला सुग्रीवाकडचे विद्याधर कचरत असतात. जो कोटिशिला नावाचा प्रचंड खडक उचलेल तोच रावणाला मारेल, असं एका मुनीनं सांगून ठेवलेलं असतं. ते लक्ष्मणाला विमानातून तिथे नेतात आणि तो शिला उचलतो.

इथे माणसाच्या बळाला काळाचंही गणित लागतं. जैन कालगणनेत सध्याचा काळ उतरता, अवसर्पिणीचा. उंची, आयुष्य, ताकद सगळं घटत चाललेलं. मांगी-तुंगीच्या डोंगरात 2016 मध्ये प्रतिष्ठापना झालेली ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती पाहताना मान मोडायची वेळ येते. पण ग्रंथांत त्यांची उंची 500 धनुष्यं दिलीय. चार हातांचं एक धनुष्य आणि हात दीड फुटाचा धरला तर झाले 3,000 फूट. म्हणजे ही मूर्ती जवळजवळ अठ्ठावीस पटीनं लहान. महावीरांपर्यंत ही उंची सात हातांवर आली.

कोटिशिला तर या घसरणीची मोजपट्टीच आहे. जिनसेनाच्या 'हरिवंशपुराणा'त नऊही वासुदेवांनी ती किती उचलली याची नोंद सापडते. पहिल्या त्रिपृष्ठानं डोक्याच्याही वर नेली, दुसऱ्यानं डोक्यापर्यंत, मग कुणी गळ्यापर्यंत, कुणी छातीपर्यंत, कुणी कमरेपर्यंत. आठव्या लक्ष्मणाला गुडघ्यापर्यंतच जमली. नववा श्रीकृष्ण, त्यानं उचलली ती जमिनीपासून चार बोटं.