राखलेल्या खेळाडूंचा कायदा

इसवी सन २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे अमेरिकेतील बेसबॉलचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच थांबला, आणि पुढे १६२ सामन्यांऐवजी अवघ्या ६० सामन्यांचा एक खुरटा हंगाम २३ जुलैपासून खेळवला गेला, तेव्हा ज्यांपैकी कोणीही कधी मैदानावर पाऊल टाकणार नव्हते अशा माणसांच्या शेकडो लहानमोठ्या मंडळांत एकच कायदेशीर पेच उभा राहिला. आपल्या संघात मुदतीच्या कराराने राखून ठेवलेल्या खेळाडूचे हे साठ सामन्यांचे वर्ष करारात मोजायचे की नाही, असा तो पेच होता. मोजावे, तर ज्याच्या हाती एखादा उत्तम खेळाडू कराराच्या शेवटच्या वर्षासाठी होता त्याचे नुकसान. न मोजावे, तर तोच खेळाडू पुढील लिलावात मोकळा होईल या हिशेबाने ज्याने आपले पैसे राखून ठेवले होते त्याच्यावर अन्याय. प्रत्यक्ष बेसबॉलमध्ये संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांनी मार्चअखेरीसच तह करून टाकला होता, की हंगाम मुळीच झाला नाही तरी खेळाडूंना मागील वर्षाइतकी सेवा भरल्याचे श्रेय मिळावे. त्यामुळे डॉजर्स संघाने फेब्रुवारीत मोठी किंमत देऊन आणलेला मूकी बेट्स त्यांच्यासाठी एकही सामना न खेळता मोकळा होतो की काय, अशी वेळ आली होती, आणि जुलैत त्याने बारा वर्षांचा, ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला तेव्हा ती टळली. कागदावरच्या संघांच्या मालकांना मात्र असा तह करून देणारे कोणी नव्हते. त्यांना तो आपापसांतच करावा लागला, आणि काही ठिकाणी तो अद्याप नीट झालेला नाही.

या मंडळींच्या खेळाला फँटसी बेसबॉल म्हणतात. एका सामन्यापुरता अकरा क्रिकेटपटूंचा संघ मोबाइलवर निवडण्याचा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला असल्यामुळे या खेळाची जात वाचकांना अपरिचित नाही. परंतु बेसबॉलचा हा प्रकार त्या कुळातील वडील आणि पुष्कळच गंभीर शाखा होय. तिचे जनकत्व डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाकडे जाते. १९७९ च्या अखेरीस टेक्सासमधील ऑस्टिनला जाणाऱ्या विमानात त्याने या खेळाच्या नियमांची आखणी केली, आणि १९८० च्या वसंतात न्यूयॉर्कमधील त्याच्या मित्रमंडळींनी पहिला लिलाव पुकारला. मॅनहॅटनमधील ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या उपाहारगृहात ही मंडळी जमत, म्हणून खेळाला रोटिसरी हे नाव पडले. कल्पना अगदीच निराधार स्फुरलेली नव्हती. विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्येच ‘बेसबॉल सेमिनार’ अशा भारदस्त नावाने असाच एक डाव मांडला होता, आणि ओक्रेंटला त्याची माहिती मिशिगन विद्यापीठातील आपले अध्यापक रॉबर्ट स्क्लार यांच्याकडून झाली होती. प्राध्यापक आणि संपादक अशा दोन शब्दजीवी जातींच्या पोटी हा खेळ जन्मला असल्यामुळे कलमे, पोटकलमे आणि अपवाद यांची त्याला उपजतच आवड आहे, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये.

रूढ नियमांप्रमाणे प्रत्येक मालकाला २६० डॉलर, बहुधा नावापुरतेच, दिले जातात, आणि त्या रकमेत त्याने लिलावातून २३ खरेखुरे खेळाडू, म्हणजे १४ फलंदाज आणि ९ पिचर, विकत घ्यायचे असतात. ते खेळाडू आपापल्या खऱ्या संघांसाठी हंगामभर जे काही करतात त्याचा जमाखर्च कागदी मालकाच्या खात्यावर मांडला जातो. होमरन, चोरलेले बेस, फलंदाजीची सरासरी, पिचरचे विजय अशा काही ठरीव सदरांत मालकांचा क्रम लावायचा, बारा मालक असतील तर त्या सदरात पहिल्याला बारा गुण आणि शेवटच्याला एक असे वाटप करायचे, आणि अखेरीस बेरीज करायची, एवढेच त्याचे गणित. आरंभी अशी आठ सदरे होती; पुढे धावा आणि पिचरने बाद केलेले फलंदाज ही दोन मिळवून दहा सदरांची वहिवाट पडली.

हंगाम संपला की पाटी कोरी करून दरवर्षी नव्याने लिलाव करणारी मंडळे पुष्कळ आहेत. त्यांचे नियम बदलले काय आणि न बदलले काय, कोणाचे फारसे बिघडत नाही. कीपर लीग नावाच्या प्रकारात मात्र मालकाला आपले काही खेळाडू पुढील वर्षासाठी त्याच जुन्या भावाने राखता येतात, आणि येथून खेळाचे रूपांतर मालमत्तेत होते. रोटिसरीच्या मूळ कायद्यात अशी तरतूद होती, की विकत घेतलेला खेळाडू दुसऱ्या वर्षीही त्याच पगारावर राखावा, तिसऱ्या वर्षापूर्वी त्याला सोडून द्यावे, किंवा आणखी एकच वर्ष त्याच पगारावर ठेवावे, किंवा दीर्घ मुदतीचा करार करून प्रत्येक जादा वर्षामागे ५ डॉलरची वाढ द्यावी. एखाद्याने कोणाच्याही खिजगणतीत नसलेला विशीतला पोरगा ३ डॉलरला उचलला आणि पुढील वर्षी तो ३० डॉलरच्या मोलाचा निघाला, तर ते २७ डॉलरचे अंतर हीच त्या मालकाची कमाई. आणि ही कमाई त्याने एका विशिष्ट कायद्यावर विश्वास ठेवून, कित्येकदा चालू हंगामातील विजयावर पाणी सोडून, केलेली असते.

त्या कमाईचा परिणाम तिच्या धन्यापुरता राहत नाही, हे नवख्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. बारा मालकांचे मिळून ३,१२० डॉलर होतात. समजा, सर्वांनी राखलेल्या खेळाडूंचे पगार मिळून ९०० डॉलर झाले, पण त्यांचे खरे मोल १,५०० आहे. म्हणजे लिलावात २,२२० डॉलर शिल्लक राहिले आणि त्यांना विकत घेण्यासारखा माल मात्र १,६२० डॉलरचाच उरला. भाव शेकडा सदतीसने चढले, आणि ३० डॉलरच्या खेळाडूला ४१ मोजण्याची पाळी आली. आता कोणी साळसूदपणे अशी सूचना मांडली, की राखण्याची मर्यादा दहावरून पाचावर आणावी, तर त्या एका आकड्याच्या फेरफाराने जे खेळाडू कोणीच राखलेले नाहीत त्यांचेही भाव बदलतात, आणि स्वतः एकही खेळाडू न राखणाऱ्या मालकाच्या हातातील पैशाचेही वजन बदलते. ‘लहानशी दुरुस्ती’ हा शब्दप्रयोग ज्या मसुद्यात आढळेल त्याच्याकडे दुप्पट सावधगिरीने पाहावे, असे माझे मत यावरूनच बनले आहे.

काही बदल बाहेरून येतात आणि मंडळाला विचारून येत नाहीत. बेसबॉलच्या दोन लीगांपैकी केवळ नॅशनल लीगमधील खेळाडूंवर खेळणाऱ्या मंडळांना २०१३ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजचा अख्खा संघ अमेरिकन लीगमध्ये गेलेला पाहावा लागला. त्या बदलाची वार्ता एका हंगामाहून अधिक आधी आलेली असल्याने शहाण्यांना आवराआवर करायला सवड तरी मिळाली. २०२३ मध्ये बेस पंधरा इंचांवरून अठरा इंचांचे झाले, धावपटूला रोखण्यासाठी पिचरने चाली करण्यावर मर्यादा आली, आणि परिणामी आदल्या वर्षी २,४८६ असलेली बेस-चोऱ्यांची संख्या ३,५०३ वर गेली. चोरी महाग असताना ज्यांनी केवळ पायांच्या वेगावर जगणारा एखादा गडी चढ्या पगारावर राखला होता त्यांची दुर्मीळ वस्तू एका उन्हाळ्यात सामान्य झाली. आणि शोहेई ओहतानीविषयी काय बोलावे? २०१८ साली तो अमेरिकेत आला तेव्हा एकच माणूस नियमितपणे पिचर आणि फलंदाज असा दोन्ही असू शकतो ही गोष्ट कोणत्याच नियमपुस्तकाने गृहीत धरलेली नव्हती. काही ठिकाणी त्याचे दोन स्वतंत्र खेळाडू मानून दोनदा लिलाव केला गेला, काही ठिकाणी तो एकच मानला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तो एंजल्स सोडून डॉजर्सकडे, म्हणजे दुसऱ्या लीगमध्ये, गेला, आणि केवळ अमेरिकन लीगवर खेळणाऱ्या मंडळांतील ज्या मालकाने त्याला राखून ठेवण्याचा बेत केला होता, त्याच्या हाती नियमांनुसार काय उरते हे पाहण्यासाठी जुनी कलमे भिंगाखाली धरावी लागली. पुढील वर्षी ओहतानीने ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले, ही त्या दुखण्यावरची डागणी.

अंतर्गत बदलांची गोष्ट याहून नाजूक असते, कारण तेथे दोष दैवाला देता येत नाही. पिचरच्या खात्यावर ‘विजय’ मांडण्याच्या प्रथेचे उदाहरण घ्या. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमने २०१८ मध्ये १.७० इतक्या विलक्षण सरासरीने पिचिंग करून त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, पण त्याच्या नावावर विजय होते फक्त दहा आणि पराभव नऊ, कारण त्याचा संघ त्याच्यासाठी धावाच काढीत नव्हता. यावर कित्येक मंडळांत ठराव आला, की विजयाऐवजी ज्यात पिचरने किमान सहा डाव टाकून (क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे झालेल्या धावा वगळून) तीनहून अधिक धावा दिल्या नाहीत असे ‘क्वालिटी स्टार्ट’ मोजावेत. ठराव तत्त्वतः निर्दोष आहे, आणि त्याच्या गुणवत्तेविषयी मला स्वतःला शंका नाही. तथापि दुबळ्या संघातील चांगला पिचर ज्याच्या पदरी आहे तोच मालक बहुधा तो मांडतो, आणि बलाढ्य संघातील मध्यम पिचर ज्याने तीन वर्षांसाठी राखला आहे तोच परंपरेचा कैवार घेतो, हा योगायोग नव्हे.

याहून कडवट भांडणे होतात ती ज्याला डंपिंग म्हणतात त्या प्रकारावरून. जुलैच्या सुमारास तळाला गेलेला मालक हे वर्ष सोडून देतो, आणि करार संपत आलेले आपले महागडे तारे पहिल्या क्रमांकाच्या मालकाला देऊन त्याच्याकडून पुढील वर्षासाठी स्वस्तातली तरुण पोरे घेतो. व्यवहार दोघांच्याही सोयीचा आणि नियमांत बसणारा असतो. भरडला जातो तो दुसऱ्या क्रमांकाचा मालक, ज्याचा या सौद्याशी काहीच संबंध नव्हता. म्हणून हिवाळ्यात तो ठराव आणतो: अदलाबदलीची अखेरची तारीख अलीकडे आणा, हंगामात एका संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा घाला, तळाला राहणाऱ्याच्या पुढील वर्षीच्या २६० डॉलरांतून काही कापा. हे उपाय रास्त आहेत. परंतु ज्याने गेल्या जुलैत त्या वेळच्या कायद्याप्रमाणे आपले तारे देऊन पोरे घेतली, त्याला येत्या एप्रिलपासून ती पोरे राखताच येणार नाहीत असे सांगणे, म्हणजे त्याने दिलेला माल दुसऱ्याकडेच ठेवून त्याची किंमत तेवढी जप्त करणे होय. दंडविधानात आपण पूर्वलक्षी कायदा निषिद्ध मानतो. करमणुकीच्या मंडळात तो केवळ दोनतृतीयांश मतांनी पवित्र कसा होतो, हे मला कधीच उमगलेले नाही.

या संकटाची झळ आपल्यालाही थोडी लागलेली आहे. आयपीएलमध्ये खेळाडू राखण्याचे नियम जवळजवळ प्रत्येक मोठ्या लिलावापूर्वी बदलतात, आणि २०२५ च्या हंगामाआधी तर २०२१ मध्ये काढून टाकलेला एक जुना नियम पुन्हा जिवंत करण्यात आला: पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला राष्ट्रीय संघात न आलेल्या नवोदितांच्या दराने राखता यावे. त्याचा लाभ घेऊन चेन्नईने महेंद्रसिंह धोनीला, ज्याला २०२२ च्या वेळी १२ कोटींना राखले होते, ४ कोटींत राखले. नियम एका माणसासाठी झाला, अशी कुजबुज तेव्हा पुष्कळ झाली. ती खरी की खोटी हा मुद्दा येथे गौण आहे. नियम जाहीर होताच त्याचा लाभार्थी नावानिशी डोळ्यांपुढे उभा राहत असेल, तर अशी कुजबुज कोणत्याही खुलाशाने थांबत नाही.

म्हणूनच अनुभवी मंडळांत भर असतो तो ठराव चांगला की वाईट यापेक्षा त्याचा अंमल केव्हापासून, या कलमावर. काहींनी असा दंडक घालून घेतला आहे, की आज मंजूर झालेला बदल पुढील हंगाम सोडून त्यानंतरच्या हंगामात लागू व्हावा, कारण तोपर्यंत कोणाच्या हाती कोण असेल हे कोणालाच सांगता येत नाही आणि मत देताना माणूस काहीसा निःस्वार्थी होतो. काही जण त्याहून पुढे जाऊन चालू करार त्यांच्या मुदतीपर्यंत जुन्याच कायद्याने चालू देतात, आणि नव्याने लिलावात आलेल्या खेळाडूंनाच नवा कायदा लावतात. मग दोन-तीन वर्षे एकाच संघात दोन कायद्यांचे खेळाडू शेजारी शेजारी नांदतात, आणि मंडळाचा कारभार पाहणाऱ्या कमिशनरला, जो बहुधा स्वतःही एक मालकच असतो, दोन रकान्यांची वही ठेवावी लागते. त्रासदायक आहे खरे, पण मला हाच मार्ग पसंत आहे. अपवाद एवढाच, की ज्या पळवाटेने प्रत्यक्ष फसवणूक होते ती त्याच दिवशी बुजवावी. तिच्यावर कोणाचा रास्त भरवसा होता असे म्हणता येत नाही.

ही सर्व व्यवस्था मोडते ती एखादा जुना सभासद कंटाळून निघून गेल्यावर. त्याच्यामागे राहिलेला संघ बहुधा जर्जर असतो: म्हातारे खेळाडू, चढे पगार, राखावा असा एकही तरुण नाही. तो संघ घ्यायला जो नवा माणूस तयार होतो तो साहजिकच अशी अट घालतो, की सर्वांचेच राखलेले खेळाडू सोडून देऊन एकदा नव्याने सुरुवात करावी, निदान त्याला दोन-तीन जादा खेळाडू राखण्याची सवलत मिळावी. ज्यांनी चार वर्षे पोरे सांभाळली ते हरकत घेतात, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचीच बाजू बरोबर असते. परंतु मार्च संपत आलेला असतो, अकराच मालकांचा लिलाव कोणाला पसंत नसतो, बारावा दुसरा कोणी मिळत नाही. आणि ज्या कलमावरून गेला हिवाळाभर वाद झाला ते कलम त्या एका वर्षापुरते तहकूब ठेवून नव्या माणसाला सवलत दिली जाते.