दात्रकोशिका पांडुरोग

हीमोग्लोबिनाच्या आनुवंशिक दोषामुळे होणारा रक्तविकार. यास व्यवहारात ‘सिकल सेल’ म्हणतात. महाराष्ट्रात गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर इ. जिल्ह्यांत तो विशेष आढळतो. या दोषात ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलीन येते, हे व्ही. एम. इनग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखविले. ऑक्सिजन कमी होताच असे हीमोग्लोबिन एकत्र गोठते व तांबडी कोशिका विळ्यासारखी वाकते. वारंवार वाकण्याने कोशिकापटलास इजा होऊन ती १२० दिवसांऐवजी सु. १०–२० दिवसांतच नाश पावते आणि पांडुरोग जडतो. ताठर कोशिकांनी केशवाहिन्या तुंबल्यास तीव्र वेदना होतात. प्लीहा, अस्थी व मेंदू यांतील ऊतके ऑक्सिजनाअभावी मृत होतात.

सदोष जनुक एकाच पालकाकडून आल्यास व्यक्ती केवळ वाहक असते. ती सामान्यतः निरोगी राहते व हिवतापापासून तिला काही संरक्षणही मिळते. त्यामुळे हिवतापाच्या वनप्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. मातापिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५% असते. म्हणून विवाहापूर्वी दोघांचीही रक्ततपासणी आवश्यक ठरते. हायड्रॉक्सियूरिया या औषधाने वेदनांचे प्रसंग कमी होतात. रोगनिर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली.